इंजिन बदलले, पण काटा हलेना!
(वाहतूकदार सभासदांसाठी)



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या वाहतूकदार सभासदांच्या अंगणात गाड्या खोलल्या जातात. कोणी ब्रेकचे लायनर बदलतो, कोणी पाटे भरून घेतो, आणि ज्याचे इंजिन मागच्या हंगामात पार दमले तो दुसरे इंजिन बसवतो. नवेकोरे इंजिन सर्वांनाच झेपत नाही. बहुतेक जण चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाडीचे इंजिन, जमल्यास गिअरबॉक्ससह, विकत घेतात. इंजिन चालू होते, धूर स्वच्छ निघतो, ओढ चांगली लागते, मालक खूश होतो. गाडी रस्त्याला लागली की मग कळते, मीटरचा काटा शून्यावरच बसून आहे. मिस्त्रीला विचारावे तर तो म्हणतो, "गाडी चालून राहिली ना भाऊ, मंग काट्याचं काय घेऊन बसले?"

काट्याचे काय घेऊन बसायचे, हेच आम्ही या लेखात सांगणार आहोत. काटा ही फक्त दिसणारी बाजू आहे. त्याच्यामागे गाडीच्या वेगाची जी खूण धावत असते, तिच्यावर किलोमीटरचा हिशोब, डिझेलचा हिशोब, ऑइल बदलायची वेळ आणि अलीकडच्या गाड्यांत तर खुद्द इंजिनाचे वागणेही अवलंबून असते. ही खूण बंद पडली तर निदान डोळ्यांना दिसते. ती चुकीची मिळू लागली तर कोणाला कळतही नाही, आणि आमच्या मते हेच जास्त महागात पडते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की काटा इंजिनावर चालतो. तसे नाही. गाडी किती वेगाने पळते आहे हे इंजिनाला स्वतःहून कळतच नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेते तेव्हा गाडी बैलाच्या चालीने जाते, आणि टॉपमध्ये तेवढेच फेरे घेताना ती भरधाव असते. म्हणून वेगाची खूण इंजिनाकडून न घेता गिअरबॉक्सच्या पुढून, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या बाजूने घ्यावी लागते. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर एक छोटी गरारी असते. तिला आणखी एक लहान पिनियन लागलेला असतो आणि तो केबल फिरवतो किंवा सेन्सरला खूण देतो. शाफ्टला प्रोपेलर, प्रोपेलरला क्राऊन-पिनियन आणि त्याला चाक जोडलेले. त्यामुळे चाक जितके फिरेल त्याच प्रमाणात ही लहान पिनियन फिरते, मग गिअर कोणताही असो.

यावरून एक गोष्ट सरळ निघते. नुसते इंजिन बदलले आणि गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन व टायर जुनेच राहिले, तर काट्याने बिघडायला नको. तरीही तो बंद पडला तर दोष बहुधा कामाच्या घाईत असतो. गिअरबॉक्स खाली उतरवताना केबल ओढली गेली, सेन्सरचा प्लग लावायचा राहिला किंवा तार चॅसिसला दबली, असे काहीतरी सापडते. तेव्हा मीटर खोलण्याआधी गाडीखाली जावे.

जुन्या जीपगाड्यांचे उदाहरण घ्या. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये हरिकेन जातीचे इंजिन असे. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी त्यांत डिझेल इंजिने बसवली. त्या जीपमध्ये काट्याची केबल गिअरबॉक्सवरून न निघता त्यामागच्या ट्रान्सफर केसमधून निघते. म्हणून इंजिन बदलले तरी मीटर आपले चालूच राहायचे. बिघाड व्हायचा तो पुढल्या पायरीवर. डिझेल इंजिन पेट्रोलइतके फेरे घेत नाही, मग वेग वाढवण्यासाठी क्राऊन-पिनियनची जोडी बदलली जायची. मूळ जोडी क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात्यांची. तिच्या जागी ३९ आणि ८ ची बसवली, तर गाडी प्रत्यक्षात ताशी ६० किलोमीटरने जात असताना काटा ५४ दाखवतो. काटा हलतो आहे म्हणून मालक निश्चिंत, आणि आकडा मात्र खोटा.

केबलची गाडी

केबलचे मीटर हे फार साधे आणि हुशार यंत्र आहे. जर्मन कारागीर ओट्टो शुल्झ याने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले आणि पुढली ऐंशी-नव्वद वर्षे जगभरच्या गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. केबलच्या टोकाशी एक चुंबक फिरतो. त्याच्यावर अॅल्युमिनियमची वाटी असते, पण ती चुंबकाला टेकलेली नसते. चुंबक फिरला की वाटीत वीज घोळते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. वाटीला काटा जोडलेला, आणि काट्याला घड्याळासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचते. चुंबक जितका वेगाने फिरेल तितका काटा वर चढतो. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ते त्याच केबलवरच्या दातेरी चाकांनी ढकलले जातात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामास येईल.

काटा थरथरत असेल किंवा एकदम उडी घेत असेल तर मीटरला नावे ठेवू नका. केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी तिला तीव्र बाक आला आहे. इंजिन बदलताना केबल नव्या वाटेने न्यावी लागते, आणि सायलेन्सरजवळून नेली तर तिचे आवरण वितळते. आतल्या तारेला हलके ग्रीस लावावे. मीटरकडची शेवटची वीतभर तार मात्र कोरडीच ठेवावी, नाहीतर ग्रीस चढत चढत मीटरमध्ये जाते आणि मग काटा चिकटतो.

आता हिशोबाकडे वळू. हा भाग थोडा किचकट वाटेल, पण उसाचे टनेज आणि कपात-पट्टी तपासणाऱ्या सभासदाला तो अवघड नाही.

केबलचे मीटर एका ठरावीक हिशोबाने बनवलेले असते. केबलने अमुक फेरे घेतले की एक किलोमीटर झाला, असे ते धरून चालते. जपानी पद्धतीच्या मीटरांत हा आकडा किलोमीटरला ६३७ फेरे असतो. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या मीटरांत मैलाला किती फेरे ते तबकडीवरच बारीक अक्षरात छापलेले असते. म्हणजे गाडीने मीटरला तितके फेरे पुरवले पाहिजेत. ती पुरवते का, हे असे पाहावे.

गाडीत माल भरून, हवा नीट करून, मागच्या टायरवर खडूची खूण करा. चाकाचे दहा फेरे होईपर्यंत गाडी सरळ पुढे न्या आणि टेपने अंतर मोजा. समजा ३२ मीटर भरले. म्हणजे चाकाचा एक फेरा ३.२ मीटरचा, आणि किलोमीटरला चाकाचे साडेतीनशेपेक्षा कमी, नेमके ३१२.५ फेरे. क्राऊन-पिनियनचे प्रमाण सहास एक असेल तर प्रोपेलर शाफ्ट किलोमीटरला १,८७५ फेरे घेईल. गिअरबॉक्सच्या शेपटीला शाफ्टवरची गरारी ६ आणि केबलची पिनियन १८ दात्यांची असेल, तर शाफ्टच्या तीन फेऱ्यांना केबलचा एक फेरा. म्हणजे किलोमीटरला केबलचे ६२५ फेरे. मीटरला हवे ६३७. फरक शेकडा दोनचा, तो चालून जातो.

आता त्याच गाडीत दुसऱ्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियनही बसवले, आणि नव्या जोडीचे प्रमाण पाचास एक निघाले. प्रोपेलर आता किलोमीटरला १,५६२ फेरेच घेईल, केबलला मिळतील सुमारे ५२१. गाडी ६० ने धावेल आणि काटा म्हणेल ४९. उसाने भरलेली गाडी उतारावर असताना हे अकरा किलोमीटर किती भारी पडतात पाहा. गाडी थांबवायला ब्रेकला जी ताकद खर्चावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४९ ऐवजी ६० म्हणजे जवळपास दीडपट. ड्रायव्हर बिचारा काट्याकडे पाहून म्हणतो मी तर पन्नाशीतच होतो, आणि थांबायला अंतर लागते दीडपट.

दुसरे नुकसान घरातले आहे. याच गाडीने १०० लिटर डिझेलमध्ये प्रत्यक्षात ४०० किलोमीटर काटले, तर मीटरवर ३२७ दिसतील. मालक हिशोब मांडतो, ४ चा अॅव्हरेज सव्वातीनवर आला, म्हणजे अठरा लिटर डिझेल कुठेतरी गेले. संशय कोणावर येतो ते सांगायला नको. पाच-सात हंगाम इमानाने गाडी चालवलेला माणूस "मालक, मी डिझेल नाही काढलं" म्हणत राहतो आणि आकडा त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. आमचे स्पष्ट मत असे की, इंजिन किंवा गिअरबॉक्स बदललेल्या गाडीचा अॅव्हरेज, मीटर तपासल्याशिवाय ड्रायव्हरच्या तोंडावर फेकू नये. ऑइलचेही तसेच. मीटरवर दहा हजार झाले म्हणून ऑइल बदलाल, तेव्हा प्रत्यक्षात बारा हजारांच्या वर झालेले असतील.

यावर उपाय? १८ दात्यांच्या जागी १५ दात्यांची पिनियन घातली तर शाफ्टच्या अडीच फेऱ्यांना केबलचा एक फेरा होतो आणि पुन्हा ६२५ चा हिशोब जमतो. एका-दोन दात्यांचा फरक असेल तर पिनियन बहुधा त्याच घरात बसते. जास्त असेल तर पिनियनचे घरही जोडीचे घ्यावे लागते, कारण दाते कमी झाले की पिनियनचा घेर कमी होतो आणि ती गरारीला नीट लागत नाही. जबरदस्तीने बसवली तर नायलॉनची पिनियन पहिल्याच आठवड्यात भुगा होते. पिनियन मिळत नसेल तर केबलच्या मध्ये बसणारी छोटी प्रमाणपेटीही मिळते. मीटर दुरुस्त करणारा कारागीर चुंबकाची ताकद किंवा स्प्रिंग कमी-जास्त करून काटा जुळवून देतो, तो मार्ग मात्र अर्धाच आहे. काटा बरोबर होतो, पण वर सांगितल्याप्रमाणे किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांवर चालतात, ते चुकतच राहतात. म्हणजे डिझेलचे भांडण कायम.

सेन्सरची गाडी

अलीकडच्या गाड्यांत केबल नाही. तिच्या जागी गिअरबॉक्सवर सेन्सर असतो आणि तो तारेवरून विजेचे ठोके पाठवतो, नाडीच्या ठोक्यांसारखे. गाडी जोरात, ठोके जास्त. मीटरमधला इलेक्ट्रॉनिक भाग ते मोजून काटा फिरवतो. कॉमन रेल इंजिन असेल तर त्याचा संगणक, ज्याला आपले मिस्त्री ईसीएम म्हणतात, तोही हेच ठोके ऐकत असतो.

एखाद्या गाडीच्या तारेवर असे किती जण कान लावून बसले आहेत ते इंजिन बदलण्यापूर्वीच पाहून घ्यावे. मीटर, इंजिनाचा ईसीएम, वेगमर्यादक, काही गाड्यांत जीपीएसचे यंत्रसुद्धा. यांतल्या एकाला जरी ठोके मिळाले नाहीत तरी तो आपल्या परीने तक्रार करतो. इंजिनाचा दिवा पेटतो. काही गाड्यांत इंजिन मुद्दाम ताकद कमी करते, काहींत गाडी थांबताना आयडलिंग डळमळते. स्कॅनर लावला तर लहान गाड्यांत पी ०५०० हा दोषांक दिसतो, जड ट्रकांत एसपीएन ८४ असा. दोन्हींचा अर्थ एकच, वेगाची खूण येत नाही किंवा पटत नाही.

सेन्सर मुख्यतः दोन जातींचे असतात आणि इथेच बहुतेक जोडण्या फसतात. पहिली जात दोन तारांची. आत चुंबक आणि तारेचे वेटोळे. समोरून गरारीचे दाते गेले की वेटोळ्यात वीज उठते. याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, पण गाडी अगदी हळू असताना त्याचा आवाज इतका क्षीण असतो की तो ऐकूच येत नाही. दुसरी जात तीन तारांची, हॉल सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो. त्याला एक तार विजेची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. हा गाडी कितीही हळू असली तरी स्वच्छ ठोके देतो. दोन तारांच्या सेन्सरची खूण हॉल सेन्सरची अपेक्षा करणाऱ्या ईसीएमला सरळ जोडली तर त्याला ती समजत नाही. मध्ये बदल करणारे सर्किट लागते. "तार ती तार, जोडून देतो ना राजेहो" म्हणणाऱ्या वायरमनला हे आधी विचारावे.

तिसरा प्रकार एबीएसच्या नव्या गाड्यांचा. तिथे गिअरबॉक्सवर सेन्सर नसतोच. प्रत्येक चाकाजवळचे सेन्सर वेग मोजतात आणि तो आकडा गाडीच्या आतल्या संदेशवाहिनीवरून सगळ्यांना कळवला जातो. अशा गाडीतून काढलेले इंजिन जुन्या गाडीत घातले तर तो ईसीएम एबीएसच्या संदेशाची वाट पाहत राहतो, आणि तो कधी येतच नाही. हे काम गावच्या गॅरेजचे नाही. कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातून ईसीएमची मांडणी बदलून मिळते का, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावे. नाही म्हणाले तर ते इंजिन स्वस्त असले तरी घेऊ नये.

ठोक्यांचाही हिशोब केबलसारखाच. शाफ्टच्या एका फेऱ्याला सेन्सर ८ ठोके देत असेल, तर वरच्या उदाहरणात १,८७५ फेऱ्यांना १५,००० ठोके, तेही एका किलोमीटरला. ६० च्या वेगाने एक किलोमीटर एका मिनिटात जातो, म्हणजे सेकंदाला २५० ठोके. उलट, जपानी पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत केबलच्या एका फेऱ्याला ४ ठोके असा हिशोब असतो. ६३७ गुणिले ४, म्हणजे किलोमीटरला २,५४८. त्याच ६० ला सेकंदाला साधारण ४२. पहिल्या गाडीचा सेन्सर दुसरीच्या मीटरला जोडला तर काटा जागच्या जागी टोकाला जाईल. तेव्हा इंजिन विकणाऱ्याकडून नुसते इंजिन घेऊ नका. त्याच गाडीचा सेन्सर, वायरिंगचा जोड आणि जमल्यास मीटरही मागून घ्या. सोबत मिळाले तर थोडक्यात मिळते, मागाहून शोधायला गेलात तर भटकावे लागते.

आणि जुनी केबलची गाडी, पण इंजिन सेन्सरवाले, असा मेळ असेल तर? बाजारात असा सेन्सर मिळतो जो गिअरबॉक्स आणि केबल यांच्या मध्ये बसतो. केबल त्याच्यातून फिरत राहते आणि तो ठोकेही देतो. जुने मीटर जुन्यासारखे चालते, ईसीएमला त्याची खूण मिळते. आम्हाला हा मार्ग सर्वांत कमी तोडफोडीचा वाटतो. फक्त ईसीएमला हवे तेवढेच ठोके तो देतो का, हे पाहावे. नसेल तर ठोक्यांचे प्रमाण बदलणारी छोटी पेटी मध्ये घालावी.

तपासायचे कसे

गाडी सपाटीवर घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मागचे चाक जॅकवर आणि जॅकसोबत स्टँडवर उचला. इंजिन बंद, किल्ली चालू, गिअर न्यूट्रल. चाक हाताने हळूहळू फिरवा आणि मल्टिमीटर सिग्नलच्या तारेवर धरा. हॉल सेन्सर असेल तर व्होल्ट वर-खाली, वर-खाली होताना दिसतील. दोन तारांचा असेल तर मीटर एसीवर ठेवून चाक जोरात फिरवावे लागते.

येथे एक खुबी आहे. एकच चाक उचलून फिरवले आणि दुसरे जमिनीवर असले, तर डिफरन्शियलमुळे प्रोपेलर शाफ्ट निम्माच फिरतो. सहास एकच्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सहा नव्हे, तीनच फेरे. ठोके मोजताना हे विसरलात तर सगळा हिशोब दुपटीने चुकेल.

हॉल सेन्सर गाडीबाहेर टेबलावर तपासला आणि काहीच दिसले नाही, तर तो फेकून देऊ नका. बहुतेक हॉल सेन्सर स्वतः व्होल्ट देत नाहीत. ईसीएम तारेवर व्होल्ट ठेवतो आणि सेन्सर ती तार अर्थला टेकवतो व सोडतो, एवढेच. टेबलावर तपासताना विजेच्या आणि सिग्नलच्या तारेमध्ये एक ते दहा किलोओहमचा रेझिस्टन्स लावला की ठोके दिसू लागतात. या एका गोष्टीमुळे कितीतरी चांगले सेन्सर भंगारात जातात.

ठोके येतात पण मध्येच तुटतात, अशी तक्रार असेल तर आधी अर्थ पाहावा. इंजिन बदलताना इंजिन आणि चॅसिसमधली जाड अर्थपट्टी लावायची राहते, हे फार वेळा घडते. सेल्फ मारताना मग वीज वाट्टेल त्या बारीक तारेने परत जाते. सिग्नलची तार अल्टरनेटर आणि सेल्फच्या जाड तारांपासून दूर न्यावी. सेन्सर काढून त्याच्या टोकावर लोखंडी कीस चिकटला आहे का ते पाहावे. तो चुंबक असल्याने गिअरबॉक्समधला कीस गोळा करतो. कीस फार असेल तर दोष सेन्सरचा नसून गिअरबॉक्सचाच आहे, हे समजावे. बसवताना रबरी रिंग नवी घालावी, नाहीतर तिथून ऑइल गळून प्लगमध्ये शिरते.

आता एका वाईट गोष्टीबद्दल. इंजिनाचा दिवा विझवण्यासाठी काही ठिकाणी खोटे ठोके देणारी पेटी बसवून दिली जाते. गाडी उभी असो वा धावत असो, ईसीएमला ती एकच ठरावीक वेग सांगत राहते. दिवा विझतो, मालकाला वाटते काम झाले. पण मग वेगमर्यादकाला खरा वेग कळत नाही आणि इंजिन भलत्याच समजुतीवर चालते. काही जण तर वेगमर्यादकाची तारच तोडून देतात, सील मोडून. असे काम कोणी कितीही स्वस्तात करून देत असला तरी त्याच्या दारात गाडी उभी करू नये. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगमर्यादक असावाच लागतो, डंपर-टँकरला ६० चा. अपघात झाला आणि तपासात खोटी पेटी सापडली, तर उत्तर मालकालाच द्यावे लागते.

ट्रॅक्टरवाले सभासद म्हणतील, आमचे काय? ट्रॅक्टरचे गणित निराळे आहे. त्याचे जुन्या पद्धतीचे मीटर इंजिनावरच चालते, ते फेरे आणि तास दाखवते. कोणत्या गिअरला किती वेग ते तबकडीवर किंवा पत्र्यावर लिहिलेले असते. इंजिन बदलले तर ट्रॅक्टरचे तासच बदलतात. शिवाय ते तास ठरावीक फेऱ्यांवर इंजिन चालले तरच घड्याळाशी जुळतात. कमी फेऱ्यांवर चालवले तर तास कमी भरतात. दुसरे इंजिन बसवल्या दिवशी मीटरवरचे तास वहीत लिहून ठेवले म्हणजे पुरे. मात्र टायरचा आकार बदलला असेल तर पत्र्यावरचे वेग धरून चालू नये. दोन ट्रॉल्या मागे असताना तर नाहीच.

रस्त्यावरची परीक्षा आणि कागद

सगळे जुळल्यावर शेवटची परीक्षा रस्त्यावर. मैलाच्या दगडाचे कौतुक आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको, झिरो माइलचा खांब आपल्याच नागपुरात उभा आहे. भंडारा रोडला किंवा उमरेड रोडला सकाळी रहदारी कमी असताना जावे. ड्रायव्हरने काटा ४० वर स्थिर धरावा, शेजारी बसलेल्याने दोन किलोमीटर-दगडांमधली वेळ मोजावी. बरोबर ९० सेकंद लागले तर काटा खरा. ३,६०० ला लागलेल्या सेकंदांनी भागले की खरा वेग निघतो. ८० सेकंद लागले तर गाडी ४५ ने होती. किलोमीटरचे आकडे तपासायला निदान दहा दगड मोजावेत, एकावर भरवसा ठेवू नये. मोबाइलमधले जीपीएसही सरळ रस्त्यावर चांगला वेग दाखवते, पण फोन शेजारच्याच्या हातात असावा.

कागदांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. ग्रामीण भागातल्या, एमएच ४० च्या गाड्यांनी नागपूर ग्रामीण कार्यालयात जावे. इंजिन त्याच कंपनीचे, त्याच इंधनाचे आणि त्याच बीएस मानकाचे असेल तर वाट सोपी. वाटेल ते बदल करता येत नाहीत. मूळ कंपनीच्या तपशिलाविरुद्धचे फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन घेतानाच विक्रीची पावती आणि इंजिन नंबर तपासून घ्यावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. चालू स्थितीतले स्पीडोमीटर हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११७ प्रमाणे आवश्यक आहे, तेव्हा फिटनेसच्या दिवशी काटा शून्यावर बसलेला चालणार नाही.

सुटे भाग आणि माहिती यांसाठी लांब जायची गरज नाही. नागपुरात अमरावती रोडला वाडी परिसरात ट्रान्सपोर्टवाल्यांची वस्ती आहे, तिथे या कामाचे जाणते भेटतात. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना ट्रकांचे गिअरबॉक्स बनवतो, हिंगण्याला महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. एवढी विद्या आजूबाजूला असताना अंदाजाने काम करून घेणे बरे नव्हे.

ज्या वाहतूकदार सभासदांनी यंदा इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला आहे त्यांनी चार आकडे एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावेत: चाकाच्या दहा फेऱ्यांचे अंतर, क्राऊन-पिनियनचे दाते, केबलच्या पिनियनचे दाते किंवा सेन्सरचे ठोके, आणि दहा किलोमीटर-दगडांत मीटरवर भरलेला आकडा. पुढच्या मिस्त्रीला तोच कागद दाखवावा, आणि ड्रायव्हरलाही.